फक्कीचं घर

दिवाळीच्या फराळाचे डबे मुंग्यांच्या ताब्यात गेले, उसाच्या बैलगाड्यांनी रस्ता अडवायला सुरुवात केली आणि सकाळच्या वाऱ्याला मळीचा आंबूस वास यायला लागला, की न्हावऱ्यात आमच्या दारावरून मेंढरं जायला लागतात. आधी धूळ येते, मग आवाज. खुरांचा तो आवाज असा, की कुणीतरी अख्ख्या शिरूर तालुक्याची बाजरी एकाच सुपात घेऊन पाखडतंय. मग कुत्री. मग घोडी. घोडीच्या पाठीवर पाल, पालावर भांडी, भांड्यांवर उलटी टाकलेली बाज, बाजेच्या पायांना बांधलेल्या कोंबड्या, आणि ह्या सगळ्याच्या वर, तख्तावर बसावं तसं, कालच जन्मलेलं एखादं कोकरू. त्या कोकराइतक्या उंचीवरून जग पाहिलेला माणूस आमच्या गावात अजून निपजलेला नाही.

मी त्या वेळी ओट्यावर उभा असतो. हातातला चहा गार होतो. सुनंदा, म्हणजे माझी बायको, आतून म्हणते, "प्या की आता, का मेंढराला पाजायचाय?" मी काही बोलत नाही. आणि मी बोलत नाही म्हटल्यावर तीही गप्प होते, कारण माझं तोंड बंद असणं ही आमच्या गावात ग्रहणासारखी गोष्ट आहे. लोक बाहेर येऊन बघतात.

आमच्यात वाडा म्हणजे दगडविटांचा नव्हे. मेंढरं, माणसं, घोडी, कुत्री, कोंबड्या असं सगळं मिळून जे चालतं, त्याला आम्ही वाडा म्हणतो. आमचा वाडा दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जायचा आणि पावसाच्या तोंडाला परत यायचा. आबा, म्हणजे माझे वडील, ह्या वाटेवर इतके चालले, की पृथ्वी गोल असती तर ते कधी ना कधी सोलापूरच्या बाजूनं उगवले असते. पण ते दरवर्षी गेल्या वाटेनंच परत यायचे. त्यावरून पृथ्वी सपाट आहे असं मी शाळेत सिद्ध केलं होतं, आणि गुरुजींनी ताबडतोब माझ्या पाठीवर त्याच्या उलट सिद्ध केलं. शाळेपायी मी गावात राहिलो, आयटीआय केलं, रांजणगावच्या एका कंपनीत प्रेस मशीनवर लागलो. लग्न झालं. मी आणि सुनंदा मळ्यातल्या पत्र्याच्या छपरात राहायला लागलो. आई-आबा पावसाळ्याचे महिने आमच्यापाशी काढायचे आणि दिवाळी झाली की माझ्या चुलत्यांबरोबर, नानांबरोबर, मेंढरं घेऊन निघायचे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं, त्या वर्षी हे सगळं अडलं. दसऱ्याला भांडी घासता घासता, कुणाकडेही न बघता, आई म्हणाली, "मी आता घोडं लादनार न्हाई." हे तिनं इतक्या हळू सांगितलं की आमची पाचावर धारण बसली. आई ओरडायची तेव्हा मेंढरंसुद्धा तिच्याकडे लक्ष देत नसत. हळू बोलताना तिला कुणी ऐकलंच नव्हतं.

त्याच पंधरवड्यात आबांना मी शिरूरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. आबांचा पाय घोंगड्यात, दोरीत, कधी कोकरातच अडकायला लागला होता. डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारली, ह्या बाजूनं मारली, त्या बाजूनं मारली, आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की काचबिंदू आहे. गेलेली नजर परत यायची नाही. उरलीय ती राखायची, थेंब घालायचे, आणि घाटातून चालायचं तर नावसुद्धा काढायचं नाही. बाहेर आल्यावर आबा म्हणाले, "डागदर येडं हाय. बॅटरी मारतंय आन् इचारतंय दिसतंय का. तुझ्या डोळ्यात मारली तर तुला दिसंल व्हय रं?"

येताना एसटीत ते खिडकीपाशी बसले. करड्याच्या घाटापासून पुढे माळ लागला, तसं त्यांनी बोट केलं. "संपत, त्या बाभळीवर होला बसलाय बघ."

मी बघेपर्यंत गाडी पुढं गेली होती. पण आमच्या घराण्याची एक पद्धत आहे. एकानं काही पाहिलं म्हटलं, की दुसऱ्यानं त्यात भर घालायची; खरं-खोटं करत बसायचं नाही. तपासत बसलो असतो तर आमच्यात गोष्टी कधीच झाल्या नसत्या. मी म्हणालो, "एक न्हाई आबा, जोडी हाय."

"तेच म्हनतो मी," आबा म्हणाले.

त्या रात्री जेवताना त्यांनी आपला निकाल सांगून टाकला. "पत्र्याखाली मी पावसाच्या भीतीनं ऱ्हातो. बारा म्हयनं ऱ्हायाचं तर घर पायजे. भिंतीचं, दाराचं. घर झालं तर ऱ्हाईन. न्हाई तर नानासंगं कोकनात. उघड्यावरच पडायचं तर मेंढरांत पडंन." नाना म्हणाले, "कांदालागन उरकस्तवर मी थांबतो. त्याच्या म्होरं मेंढरांच्या पोटाला काय सतरंजी घालू?"

म्हणजे आईला चालायचं नव्हतं, आबांना चालू द्यायचं नव्हतं, आणि कांद्याची रोपं वाफ्यातून निघून सरीवर जायच्या आत आम्हाला एक अख्खं घर उभं करायचं होतं. घराण्यात कुणी खुंटीच्या पलीकडे काही उभं केलेलं नव्हतं.

तेव्हा आमच्या भागात डेव्हलपर नावाचा माणूस नुकताच यायला लागला होता. त्याच्या आधी गवंडी असायचे, सुतार असायचे, फार तर कंत्राटदार. डेव्हलपर हे काही तरी निराळंच होतं. तो स्वतः काहीच बांधत नसे, तो घर 'देत' असे. तुमचा प्लॉट, आमचा नकाशा, चावी हातात. दौंडला स्टेशनाजवळ त्याचं ऑफिस होतं. त्याचं नाव मी सांगत नाही. अजून कधी भेटला तर तो चहा पाजल्याशिवाय सोडत नाही. पांढरे बूट घालायचा आणि शेणातून चालला तरी ते पांढरेच राहायचे. मला वाटतं, तो जमिनीपासून बोटभर वर चालत असावा. आणि त्याच्या तोंडी दोन शब्द असायचे, होऊन जाईल. हे तो असं म्हणायचा, की ऐकणाऱ्याला त्या घरात राहून, म्हातारं होऊन, नातवंडं खेळवून आल्यासारखं वाटायचं.

त्यानं आम्हाला आधी वरवंडला नेलं. हायवेच्या कडेला त्यानं एक नमुन्याचा बंगला बांधून ठेवला होता. आम्ही सगळे पिकअपमधून गेलो, आई नवं लुगडं नेसून, नाना फेट्यात, जणू मुलगी बघायला. बंगल्याच्या दारात आबा थांबले.

"आत चला की, आबा," डेव्हलपर म्हणाला.

"कुनाचं हाय?"

"कुणाचं नाही. नमुना आहे."

"मंग कुनाला इचारून जायचं?"

हा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारला नसावा. पण आबांचा सगळा जन्म दुसऱ्याच्या रानात मुक्काम करण्यात गेला होता, आणि मालकाला विचारल्याशिवाय त्यांनी कधी खुंटी ठोकली नव्हती. ज्या जागेला मालकच नाही, तिथं पाऊल कसं टाकायचं, हे त्यांना कळेना. ते पायरीवर बसून राहिले. आई आत गेली. स्वयंपाकघरात तिनं नळ सोडला. पाणी आलं नाही. तिनं तो बंद केला आणि पुन्हा सोडला. "मावशी, नमुन्याला पाणी नसतं," डेव्हलपर म्हणाला. मग तिनं विचारलं, "चूल कुठं मांडायची?" त्यानं काळ्या फरशीचा उंच ओटा दाखवला. आई त्या ओट्याकडं, बैल नव्या गाडीकडं बघतो तशी बघत राहिली. "हुबं ऱ्हाऊन सैपाक?" ती म्हणाली. "होऊन जाईल, मावशी." तिकडे हॉलमध्ये नानांनी टेबलावरच्या परडीतला आंबा उचलून चावला होता. तो प्लॅस्टिकचा निघाला. आता तो बंगला पाडून तिथं पेट्रोलपंप झालाय, पण आंबा कुठं असेल तिथं नानांचे दात त्यावर असतील, ह्याबद्दल मला शंका नाही.

मग एका सकाळी डेव्हलपर आमच्या प्लॉटवर आला. गावाच्या कडेला, रस्त्याला लागून असलेली ती आमची पडीक पट्टी. बरोबर मिस्त्री, दोरी, खुंट्या आणि पोतंभर फक्की. फक्की म्हणजे चुन्याची पांढरी भुकटी. कबड्डीचं मैदान आखतात ती. नारळ फुटला. मिस्त्रीनं दोरी ताणली आणि मुठीतून फक्की सोडत तो चालत गेला, आणि बघता बघता काळ्या रानावर पांढरं घर उमटलं. "हा हॉल. हे किचन. ही बेडरूम. इथं देवघर. हे दार," डेव्हलपर पांढऱ्या बुटाच्या टोकानं दाखवत गेला. आबा हॉलमध्ये जाऊन उभे राहिले. हात पसरून गोल फिरले. "लई मोठा हाय," म्हणाले, आणि मांडी घालून बसले. डेव्हलपर गाडीत बसता बसता म्हणाला, "परवा पाया खोदायला माणसं येतात."

ती माणसं उन्हाळ्यात आली.

मधले ते थंडीचे दिवस अजून माझ्या अंगावर येतात. कंपनीत रात्रपाळी करायची, सकाळी न्हावऱ्याच्या फाट्यावर उतरून चौफुल्याची गाडी धरायची, तिथून पाटसमार्गे दौंड. वाटेत वरवंडला खिडकीतून तो नमुन्याचा बंगला दिसायचा. त्याचे पडदे दर खेपेला थोडे जास्त विटलेले असायचे. दौंडच्या ऑफिसात एक वयस्कर कारकून मामा बसायचे. ते म्हणायचे, "साहेब आत्ताच साईटवर गेले."

"कंच्या?"

"तुमच्याच की."

मी धावत परत यायचो. प्लॉटवर आई असायची. "कोन न्हाई आलं बाबा." एखाद्या दिवशी मी आणि डेव्हलपर भीमेच्या पुलावर एकमेकांना ओलांडून दोन दिशांना गेलो असू, असं मी स्वतःला समजवायचो. एकदा तो सापडला. त्यानं मला बसवलं, चहा मागवला, आणि अगदी घरातला मयत झाल्यासारखं तोंड करून म्हणाला, "संपतराव, वाळू बंद आहे." परतताना पारगावच्या पुलावरून खाली बघितलं. नदीचं पाणी एका कडेला गेलेलं, आणि बाकी सगळी वाळू. ऊन पडून चमकणारी, पार नजर पोचेल तिथवर. त्या वाळूत राजे-महाराजांच्या राजधान्या बांधून झाल्या असत्या आणि उरलेल्यात आमचं देवघर निघालं असतं.

मी गप्प बसणाऱ्यातला नाही. कंपनीत मॅनेजरपुढं मी असा बोलायचो, की त्याचा पंखा बंद पडायचा. एसटीचा कंडक्टर माझ्याशी सुट्ट्या पैशांवरून वाद घालायला घाबरायचा. पण त्या पांढऱ्या बुटांपुढं माझ्या तोंडून फक्त "बरं" निघायचं. रागावलो तर तो येणार नाही अशी भीती, आणि न रागावताही तो येत नव्हताच. त्याचं तरी काय. त्याला वाळूवाला झुलवत होता, वाळूवाल्याला तहसीलमधला कुणी, आणि त्या कुणालातरी आणखी वरचा कुणी. ही अशी रांग थेट देवापर्यंत जात असेल, आणि देवही कुणाच्या तरी ऑफिसात चहा पीत बसला असेल. मी घरी आलो की आई विचारायची, "काय म्हनला?" मी म्हणायचो, "होऊन जाईल म्हनला." ती मान हलवायची आणि फक्कीचा डबा उचलायची.

कारण तोवर आई त्या घरात राहायला गेली होती.

पहिल्याच दिवशी तिनं तीन दगड नेऊन किचनच्या रेघांच्या आत चूल मांडली. आबांची बाज हॉलमध्ये पडली. देवघराच्या चौकटीत देव आले. झोपण्यापुरते आम्ही पत्र्याखाली जायचो. आबा तेवढेही यायचे नाहीत. सकाळी दव पडून रेघा ओल्या व्हायच्या, कोंबड्या भिंती उकरायच्या, उसाच्या गाडीचा एखादा बैल बेडरूममधून पलीकडं जायचा. मग आई डालड्याच्या जुन्या डब्यात फक्की घेऊन सगळं घर पुन्हा आखायची. "रेघ पुसली तर घर पुसलं," म्हणायची.

आणि गंमत अशी, की ते घर सगळ्यांना दिसायला लागलं. पोस्टमन दाराच्या फटीपाशी उभा राहून "आबा हायती का?" म्हणून हाक मारायचा, आबा त्याच्यासमोर हातभर अंतरावर बसलेले असायचे. ते म्हणायचे, "हाय, ये आत." मग तो आत यायचा. नाना एकदा सरळ रेघ ओलांडून चुलीपाशी आले, तर आईनं त्यांना पळीनं थांबवलं. "भितीतनं येताय? भूत हायसा का?" नाना परत बाहेर गेले, फिरून दारातून आले, दारात वाकले सुद्धा. बसल्यावर म्हणाले, "वैनी, खिडकी लावा की, गार वारं येतंय."

"तुमी तोंड मिटा," आई म्हणाली. "निम्मं वारं थांबंल."

सुनंदाचे वडील निमोण्याहून आले, तेव्हा ती बेडरूममध्ये होती. म्हणजे त्यांच्याकडं पाठ करून बसली होती. तिचं डोकं दुखत होतं आणि तिला कुणाशी बोलायचं नव्हतं. सासरे हॉलमध्ये बसले, चहा प्याले, ऊस किती गेला, कांद्याचं बियाणं कुणाकडचं, सगळं बोलले, आणि मुलगी बाहेर येण्याची वाट पाहत थांबले. हात लांबवला असता तर तिच्या वेणीला लागला असता. शेवटी ती उठली, रेघ न ओलांडता दारातून फिरून आली, आणि म्हणाली, "कवा आला, अण्णा?" ते म्हणाले, "हे काय, आत्ताच."

हे बाहेरच्यांना हसायला येईल. पण ज्यांनी पिढ्यान्पिढ्या उघड्यावर संसार केले, त्यांना भिंत लागत नाही. घोडीच्या खोगिराआड नवराबायको बसलेली असली की अख्खा वाडा दुसरीकडं बघतो. कुणाचं कुठं संपतं आणि दुसऱ्याचं कुठं सुरू होतं, हे आमच्या लोकांच्या तळपायांना कळतं. भिंती नसतानाच आम्ही घरात नीट राहिलो, असं मला कधी कधी वाटतं. भिंती आल्यावर आम्ही त्यांना डोकी आपटत होतो.

फक्त एक चूक झाली. रेघ रोज पुसायची आणि रोज आखली जायची, आणि आखणाऱ्याचा हात रोज थोडा आपल्याकडं यायचा. आईचं किचन सकाळी बोटभर फुगायचं. दुपारी सुनंदा शिलाईच्या मशीनला जागा हवी म्हणून बेडरूमची भिंत हलकेच हॉलमध्ये सरकवायची. आई संध्याकाळी ती परत ढकलायची, आणि जाता जाता देवघराचा कोपरा किचनात घ्यायची. देव काही बोलले नाहीत. मी स्वतः रेघेला हात लावला नाही. एकदा डबा घेऊन जाताना फक्की सांडली एवढंच, आणि ती नेमकी अशी सांडली की हॉलला एक कोनाडा निघाला. कुणी कुणाला काही म्हणत नव्हतं. भांडण करायला भिंत तरी पाहिजे.

पुढं उन्हाळ्यात मिस्त्रीची माणसं आली, त्यांना खाली पांढऱ्या रेघा दिसल्या, आणि त्यांनी डोळे मिटून त्यावरच पाया खोदला. वीट चढल्यावर डेव्हलपर आला. त्यानं नकाशा उभा धरला, आडवा धरला, मग घराकडं पाठ करून धरला. आमच्या घराला आज एकही काटकोन नाही. किचन हॉलपेक्षा मोठं आहे. बेडरूमला पाचवा कोपरा आहे, तिथं काहीच बसत नाही, म्हणून तिथं सुनंदा रागावून बसते. लोक वास्तुशास्त्राची पुस्तकं घेऊन बघायला येतात, आणि मी त्यांना सांगतो की हे उत्तरेकडच्या एका गुप्त पद्धतीचं आहे.

पण उन्हाळ्याच्या आधी कांदालागण उरकली होती.

त्या सकाळी सगळ्या बायकांच्या हातांना कांद्याच्या रोपांचा हिरवा वास होता. सऱ्यांना पाणी सोडलेलं, रानातून वाफ निघत होती. नानांची मेंढरं रस्त्यावर उभी. घोडी लादलेली. आदल्या दिवशी मी दौंडला जाऊन आलो होतो. आयुष्यात कुणापुढं हात जोडले नव्हते ते जोडले, म्हणालो, सायेब, घर राहू द्या, एक चर खोदा. आबांच्या पायाला लागेल एवढा एक चर, घर सुरू झालं म्हणून ते थांबतील. तो म्हणाला, "उद्या सकाळी माणसं पाठवतो." आणि म्हणून आम्ही सगळे रस्त्याकडं बघत होतो. लांबून ट्रॅक्टर आला, आमच्यापाशी आला, आणि ऊस घेऊन पुढं गेला.

आबांनी घोंगडं खांद्यावर टाकलं, काठी घेतली आणि हॉलमध्ये उभे राहिले. वाटेतले मुक्काम ते मोठ्यानं सांगत होते, कुठल्या ओढ्याला पाणी असेल, कुठल्या पाटलाचं कुत्रं चावरं आहे. आवाज तर असा, की कोकणात बोकडं उठून उभी राहिली असतील.

"चल मंग, दादा," नाना म्हणाले.

आई चुलीपाशी होती. तिनं वर पाहिलं नाही. "जायाचं तर जावा," ती म्हणाली. "पन दारातनं जावा. ह्या घराला दार हाय."

"दारातनंच जातो की. आंधळा हाय का मी?"

आदल्या दिवशी वाऱ्यानं चुलीचा धूर हॉलमध्ये जात होता म्हणून आईनं दार सरकवलं होतं. पार पलीकडच्या कोपऱ्यात नेलं होतं, आणि जुन्या जागी भिंत घातली होती. ताजी, जाड, पांढरी, उन्हात डोळ्यांत खुपावी अशी. आबा ताठ चालत आले. रोजची पावलं टाकत, रोजच्या जागी. तिथं ते थोडे वाकले, चौकट डोक्याला लागू नये म्हणून. आणि भिंतीतून बाहेर गेले. घोंगड्याचं टोक रेघेवरून फरफटत गेलं, वहाणांना फक्की लागली. बाहेर उभं राहून त्यांनी मागं वळून आईच्या दिशेनं पाहिलं, आणि म्हणाले, "बघ. आलो का न्हाई दारातनं?"

कुणी हसलं नाही. एसटीतून दाखवलेला तो बाभळीवरचा होला मला आठवला. त्या माळावर बाभळ होती का, हेही मी पाहिलं नव्हतं.

आई उठली. डब्यातली फक्की घेऊन तिनं कोपऱ्यातलं दार बुजवलं. मग आबा जिथून गेले होते तिथं आली आणि ती जाड पांढरी रेघ पायानं पुसून टाकली, अगदी काळी माती लागेपर्यंत. आज घराचं दार तिथंच आहे. डेव्हलपर म्हणतो, बाकी कसंही झालं असेल, दार तेवढं नकाशाबरहुकूम आलंय.

"दादा," नाना म्हणाले. "आत्ता नगं येऊ तू. ढवळी घोडी लंगडतीया. तिला जपून न्यायाला लागंल. म्होरल्या मुक्कामाला पोचलो की मानूस धाडतो तुला न्यायाला."

ढवळी घोडी चारही पायांवर खणखणीत उभी होती.

"कवापासनं लंगडतीया?" आबांनी विचारलं.

"आत्ताच लागलं तिला."

आबांनी मान वळवली. ज्या बाजूला घोडी नव्हती त्या बाजूला त्यांनी बराच वेळ पाहिलं. नाना हातातली दोरी चाळवत होते. मी काही तरी भर घालायला पाहिजे होती, आमच्या पद्धतीप्रमाणं, पण मी घोडीच्या पायांकडंच बघत राहिलो.

"व्हय," आबा म्हणाले. "मागचा पाय हाय. लई लंगडतीया."

ते आत आले, दारातून, आणि चुलीपाशी खाली बसले, घोंगडं खांद्यावर तसंच ठेवून, काठी मुठीत धरून. नानांनी हाळी दिली. मेंढरं हलली. धूळ उठली, आमच्या सगळ्या खोल्यांमधून गेली, देवांवर बसली, भाकरीवर बसली. घंटा, कुत्री, कोकरं, मग फक्त घंटा. मग उसाच्या एका गाडीची करकर, आणि तीही वळणापलीकडं गेली. आई भाकरी थापत होती. रस्ता मोकळा होता, चाकांच्या खुणांमध्ये लेंड्या पडलेल्या, त्यावर चिमण्या उतरलेल्या.

"गेली का गं?" आबांनी विचारलं.

आबांचे कान शाबूत होते. कोसभरावरून खोकलेली मेंढी कुणाची आणि कितव्या वेताची, हे ते सांगायचे, आणि ते खरं निघायचं. आईला हे माझ्याहून चांगलं माहीत होतं.

"न्हाई अजून," आई म्हणाली. "हायती हितंच."

आबा थोडा वेळ ऐकत राहिले.

"मंग बसतो जरा," ते म्हणाले, आणि त्यांनी खांद्यावरचं घोंगडं खाली ठेवलं.